विहीर गोड झाली त्या वर्षी

सहमच्या हमरस्त्यापासून आत, खजुरांच्या चौथ्या ओळीशी
शम्साबाईंची विहीर. अकरा परस.
वीस वर्षं पंपाने ओढली,
आणि समुद्र जमिनीखालून चालत आला.
आधी लिंबं गेली, मग आंबा,
मग चहा फाटायला लागला.

मी दाऊद बुरोंडकर. पंप दुरुस्त करतो.
मीटर बुडवून आकडा सांगतो.
सहा हजार दोनशे, मी म्हणायचो.
माय मालेह, त्या म्हणायच्या. खारट.
इथे पाण्याला माय म्हणतात.
नवा होतो तेव्हा हाक ऐकून मागे वळायचो.

मग त्यांच्या नासरने घर बांधलं.
सहा संडास. पाणी टँकरचं,
समुद्राचंच, मीठ काढून आणलेलं.
आणि मागच्या अंगाला बालूआ, म्हणजे मैलाटाकी.

टाकीचं काम तसं सोपं असतं.
वर साय धरते, खाली गाळ बसतो,
मधलं पाणी नितळ दिसतं, आणि फसवतं ते तेच.
त्याला शोषखड्ड्यात सोडावं,
वाळूने ते घास घास चावून गिळावं.
घाई चालत नाही. जवळीक तर नाहीच.
शंभर फूट लांब घ्या, मी सांगितलं होतं.
कंत्राटदाराने सावली बघून जागा धरली
आणि तळाला सिमेंटच घातलं नाही:
वाळू पिते की, टँकरचे पैसे वाचतात.
विहिरीपासून मी पावलं टाकली. एकोणीस.

वर्षभरात एकदाच आला गुलझमान,
पिवळा टँकर घेऊन, मैला उपसायला.
झाकण उघडून म्हणाला,
दाऊदभाई, ही भरतच नाही.
आणि हसला. मी नाही हसलो.

त्याच उन्हाळ्यात विहीर गोड झाली.
चार हजार. मग अठ्ठावीसशे.
शम्साबाईंनी बकरा कापला, शेजारी भात वाटला,
पोहऱ्याने पाणी काढून कहवा केला,
पहिला फिंजान माझ्या हातात दिला.
तू पंप लावलास, तुझ्या हाताला बरकत आहे, म्हणाल्या.
मी प्यालो.
वेलचीचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

मस्कतहून हिरवा रंग मागवला, एक डबी,
आणि शुक्रवारी मजलिस रिकामी असताना
पाहुण्यांच्या संडासात ओतून साखळी ओढली.
मग रोज पोहरा.
दुसरा दिवस, काही नाही. पाचवा, काही नाही.
रोज असरनंतर कहवा, रोज मी पीत होतो.
नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं,
आणि कारण अजून जमिनीखाली होतं,
एकोणीस पावलं चालत होतं.

नवव्या दिवशी पोहरा वर आला
कोवळ्या केळीच्या पानासारखा.

नासरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, टाकी नवी बांधू,
पुढच्या महिन्यात. आईला सांगू नकोस.
पण कहवा पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार नव्हता.
मी पोहरा तसाच त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवला.
माझी अरबी पंपाच्या भागांपुरती.
घराकडे बोट केलं, मग जमिनीकडे, मग विहिरीकडे,
मग काय करावं सुचेना, हात खाली घेतला.

त्या वाकून पाहत राहिल्या.
बोट बुडवलं, वर धरलं, बुरख्याला पुसलं.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग विचारलं, आधीचं खारं पाणी,
ते तरी स्वच्छ होतं ना?
हो, मी म्हणालो. ते समुद्राचं होतं.

हिरवं पाणी त्यांनी खजुराच्या बुंध्यात ओतलं,
त्याला चालेल, म्हणाल्या.
आणि किटली उचलून आत गेल्या.
मी चपला घालून निघालो
तर आतून हाक आली: दाऊद, बस.
टँकरच्या पाण्याचा करते आहे.