माप

हरारच्या कोटाच्या आत, बाजाराच्या उतारावर
आम्ही सतरा शिंपी ओळीनं बसतो.
सतरा मशिनांची खडखड दिवसभर,
तरी अब्दोशची गाडी वर चौकात वळली
की मला बरोबर कळायचं.
चढ लागला की ती आधी खाकरायची,
बोलण्याआधी म्हातारी माणसं खाकरतात तशी.

प्यूजो चारशेचार. अंग निळं, टप पांढरा.
बापानं दिरेदवाच्या रेल्वेतल्या एका फ्रेंच बाबूकडून घेतलेली,
अब्दोश जन्मला त्याच्या आदल्या साली.
म्हणून तो तिला थोरली म्हणायचा.
'थोरलीला आज बरं नाही', 'थोरली जेवली का' असं.

तिच्या गाद्यांना मी पाच वेळा कव्हरं घातली.
एकदा त्याच्याच लग्नातलं उरलेलं सॅटिन.
एकदा, कापड मिळेना त्या वर्षी,
मदतीच्या पिठाची पोती.
विकण्यास मनाई, असं छापलेल्या अक्षरांवर
लोक दोन वर्षं बसून गेले.

परवा दिरेदवाचा घाट चढताना,
आत चार माणसं, एक शेळी, टपावर कांदे,
खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला.
मोठा नव्हता, म्हणे. सुई मोडते तेवढा.

तेस्फाहुन मेकॅनिक तासभर तिच्याखाली पडून होता.
बाहेर आला, हात पुसले.
परत पुसले.
पुसायला काही उरलं नाही तरी पुसत राहिला.
अब्दोशला तेव्हाच समजलं.

भाजीच्या ट्रकनं वेशीपर्यंत ओढली.
पुढे बजाजवाल्या पोरांनी ढकलली,
ज्यांना तो आयुष्यभर मच्छर म्हणत आला, त्यांनीच.
एकानंही दात काढले नाहीत.

मग लोक भेटायला यायला लागले.
भंगारात भाव बरा आहे, एकजण म्हणाला.
चीनची घे, पंख्यासारखी गार हवा सोडते, दुसरा.
मुफेदा, त्याची बायको, काहीच बोलली नाही.
डिकीतून आपली छत्री काढून घरात घेऊन गेली,
आणि थोड्या वेळानं
परत आणून ठेवली.

आठव्या दिवशी तो माझ्या पायरीवर.
'माप घ्यायचंय.'
मला वाटलं, त्याचंच. उतरला होता चांगलाच.
'माझं नाही. तिचं.'

तर मी गळ्यात टेप अडकवून गेलो.
चाळीस वर्षं श्वास घेणाऱ्यांची मापं घेतली;
त्यांना सांगावं लागतं, बाबांनो, पोट आत घेऊ नका.
हिनं घेतलं नाही.
टेप पुरेना. बोट धरून, खडूची खूण करून
पुढे, परत पुढे.
पुढच्या मडगार्डशी हात खळग्यात गेला.
'हे कधीचं?'
'बाबा शेवटचे चालवत होते तेव्हाचं,' तो म्हणाला,
भिंतीकडे बघत.
'तिथं ताणून शिवू नकोस.'

आणि ड्रायव्हरच्या दाराला उघड ठेव, म्हणाला, बटणांची.
'कशाला?'
'रेडिओ लागतो अजून.'

खाकी ताडपत्री. दोन सुया मोडल्या.
रात्री शेजारची सोळा मशिनं गप्प,
आणि माझं एकटं पायडल
चढावरच्या गाडीसारखं धापा टाकत होतं.

सकाळी त्यानं खोळ चढवली, कड चाचपली,
आत दुमडलेली चार बोटं जागा त्याच्या हाताला लागली.
'वाढत्या अंगाची शिवलीस?'

मी खरंच पाहिलं तेव्हा.
शाळेच्या गणवेशांची सवय हाताला.
जीभ चावली, कात्री काढली, उसवतो म्हणालो.
त्यानं माझं मनगट धरलं.
'राहू दे.'

शिलाई त्यानं सुट्या नाण्यांत दिली,
प्रवाशांना परत करायला
डॅशबोर्डच्या खणात ठेवलेल्या.