डोंगर दिसणारी बाजू

डोंगर दिसणाऱ्या बाजूचे दीड लाख जास्त.
बिल्डरच्या पोरानं गॅलरीचं दार सरकवलं
आणि डोंगर त्यानंच आत्ता मांडून ठेवल्यासारखा
अदबीनं बाजूला झाला.
बघा मॅडम, नागपुरात बसून महाबळेश्वर.

कामठीच्या पुढे, कन्हानच्या अलीकडे,
जिथे बाभळीसुद्धा एकमेकींपासून अंतर राखून असतात
त्या सपाट मुलखात
एक लांबलचक डोंगर,
माथा सुरीनं कापल्यासारखा,
अंगावर सुबाभळीची विरळ हिरवळ.
मी सही केली. वीस वर्षांचे हप्ते.

मागच्या बाजूवाल्यांना खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात.
त्यांचे दीड लाख वाचले,
पण पाहुणे आले की ते त्यांना
आमच्याकडे चहाला घेऊन येतात.

कपडे दुपारी दोनच्या आत काढायचे,
हे मला इथे कुणी सांगितलं नव्हतं.
दोनला दूर कुठेतरी सुरुंग लागतो,
काचा थरथरतात,
फ्रिजवरची लोणच्याची बरणी
महिन्याला दोन बोटं सरकते.
मग डोंगराच्या टोकावर धूळ उठते, गुलाबी,
फोटोत फार छान येते.

शाल्मलीनं शाळेत डोंगर काढला: वरून सपाट,
अंगावर पायऱ्या, शेजारी सूर्य.
बाईंनी लाल शेरा मारला,
डोंगर असा नसतो.
ती गॅलरीत वही घेऊन उभी राहिली,
एकदा वहीकडे, एकदा समोर बघत,
आणि चूक कोणाची ते ठरवेना.

तळमजल्यावरचे फागोजी नेवारे
संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची काढतात
आणि डोंगराकडे पाठ करून बसतात.
मेमध्ये, कूलरची खस जळत असताना,
लाइट गेली म्हणून मी खाली उतरले, विचारलं,
काका, इतका चांगला व्ह्यू, आणि तुम्ही तोंड पार्किंगकडे?

सव्वीस वर्षं पाह्यला ना बाई थो.
डोंगर कायचा? ओबी आहे थे.
कोळशाच्या वरची माती. तिकडं काहाडाची, इकडं आणून टाकाची.
पन्नास टनी डंपर, एका शिफ्टले बारा-तेरा खेपा.
थो उजवीकडचा उतार आहे ना,
थो माया.

मग हाताची ओंजळ करून
त्यांनी ती पालथी घातली.
उलटा आहे पूरा.
पयले काळी माती निघे, थे गेली सप्पा खाली.
मंग मुरूम, मंग दगड.
जे सगळ्यात खोल होतं,
जे कोणाच्या बापानं पाह्यलं नोतं,
थे वर आहे आता, उन्हात.

त्या रात्री मला झोप आली नाही.
म्हणजे सकाळी चहा घेऊन
मी ज्याच्यासमोर बसते
तो जमिनीचा तळ.
आणि कुणाच्या तरी गव्हाचं, तुरीचं रान
सगळ्यांत खाली, पालथं, दाबलेलं.
हप्ता मात्र पाच तारखेला सुलट्यानं जातो.

फागोजींचा डबाही आहे त्यात.
रातपाळीला कडेवर गाडी मागे घेताना
केबिनमधून घरंगळला. तीन खणी, स्टीलचा,
झाकणावर बायकोचं नाव कोरलेलं.
वरून पुढची खेप पडली.
असन तिथंच मधात, म्हणाले,
भेंडीची भाजी होती.

हे मी शाल्मलीला सांगायला नको होतं.
आता तिच्या प्रत्येक डोंगराच्या पोटात
एक डबा असतो.
बाईंनी शेरा मारणं सोडून दिलं आहे.

काल फेज दोन बघायला एक जोडपं आलं.
बिल्डरच्या पोराचा भाव आता दोन लाख जास्त.
बाई जरा बिचकत होत्या,
फाटकाशी थांबून त्यांनी फागोजींना विचारलं,
काका, पावसात दरड वगैरे येत नाही ना हो?

फागोजींनी पहिल्यांदा खुर्ची वळवली.
बराच वेळ उजव्या उताराकडे पाहिलं,
डोळे बारीक करून, जसा सुतार
स्वतःच्या जुन्या दाराकडे बघतो.

डावीकडचं मले माहीत नाही, म्हणाले.