उत्तर बाजू, दहा फूट

दिवाडीच्या फेरीबोटीत जाळीची गुंडाळी उभी राहत नाही,
आडवी घालावी लागते, स्कूटरच्या चाकांमधून,
आणि मग कुणीतरी तिच्यावर बसतंच.
त्या दिवशी एक बाई बसल्या, मांडीवर कोंबडा.
म्हटलं, बसा. दहा गेजची तार आहे,
तुमच्या दोघांच्या वजनानं काही होत नाही.

धक्क्यावर क्लबाचे सेक्रेटरी, लिओपोल्द मास्कारेन्यस,
वय चौऱ्याहत्तर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.
जुनं कुंपण त्यांनी बोटानं दाखवलं,
बोट लागलं तिथं ते गळून पडलं.
खाडीचा वारा लोखंड खातो
जसं आपण सोल चघळतो,
घाई नाही, पण सोडत नाही.

मी सगळ्यांना सांगते ते सांगितलं:
नुसती जस्ताची नको, वर प्लास्टिक चढवलेली घ्या.
चेंडू अडीच इंच, जाळीचा डोळा पावणेदोन,
चेंडू थांबतो, वारा जातो, एवढंच कुंपणाचं शास्त्र.
खांब दर दहा फुटांवर, जमिनीत तीन फूट,
कारण इथं वर चिरा आणि खाली खाजन,
कोण कधी हात सोडेल सांगता येत नाही.
हिरवं कापड फक्त पश्चिमेला, उन्हापुरतं.
चारी बाजूंना लावाल तर ते शीड होईल
आणि ऑक्टोबरातल्या एखाद्या रात्री
तुमचं कोर्ट चोडणला जाऊन लागेल.
ते हसले नाहीत.
वहीत लिहून घेतलं: चोडण.

उंची?
बारा. चारी बाजूंनी.
उत्तरेला एर्मेलिंद राहते.
पंचायतीत अकरा अर्ज आहेत तिचे:
कौलं, लोणच्याची बरणी, एकदा तर
मेणबत्ती लावताना खुरसापाशी थेट पाठीत.

दुसऱ्या दिवशी सगुण खड्डे खणत होता
तेव्हा त्या आल्या. कालच्याच बाई, कोंबडा घरी ठेवून.
हातात बिस्किटांचा जुना डबा,
डब्यात चेंडू, काही टकले,
काहींवर शाईनं तारखा.
सेक्रेटरींकडे न बघता मला विचारलं,
बारा फूट म्हणजे केवढं?
मी पहार उभी धरली, वर हात केला,
म्हटलं, याच्याही वर, त्या फणसाच्या फांदीएवढं.
त्यांनी फांदीकडे बघितलं. बराच वेळ.
मग म्हणाल्या, बरं झालं.
डबा तिथंच ठेवून गेल्या,
आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन घेऊन गेल्या.

संध्याकाळी काँक्रीट ओलं असताना
लिओपोल्द माझ्याजवळ आले,
चष्मा पुसत, जणू चष्म्यालाच सांगावं तसे:
उत्तरेला दहाच कर.
म्हटलं, पात्राव, खांब बाराचे आणलेत.
काप.
जाळी?
वरून दुमड.
दहावरून चेंडू जाईल, मी म्हटलं.
आता इथं कोण मारतं एवढ्या उंच, ते म्हणाले.
मग बूटाच्या टोकानं बेसलाइन घासत:
मी मारीन. जमतं अजून, थोडं वाकून.

कोपऱ्यातले दोन सोडून
मधले पाच खांब आम्ही कापले.
ठिणग्या उडाल्या, त्यांच्या खिडकीत
दिवा लागला आणि विझला.
कापलेल्या तोंडांवर जस्ताचा रंग दोनदा लावला,
तिथूनच गंज आत शिरतो.
दोन-दोन फुटांचे पाच तुकडे उरले.
सकाळी बघते तर नव्हते.
परत जाताना दिसले, त्यांच्या परसात
वालीच्या वेलाशी ओळीनं रोवलेले,
चौथा जरा कलता.

बिलात उंची दोन प्रकारची आली
की क्लबाचा खजिनदार हमखास विचारतो.
म्हणून शेवटच्या ओळीत मी लिहिलं:
उत्तर बाजू, साठ फूट लांब, दहा फूट उंच.
कापणीची मजुरी वेगळी.
कारण: जमिनीचा उतार.

जमीन तिथं सपाट आहे.
मी स्वतः पाणसळ लावली होती.