तिसऱ्या तळ्याचा आकडा

डॉक्टर खुए,
तुमच्या तक्त्यातला तिसऱ्या तळ्याचा आकडा
खरा नाही.

पहिल्या दोन तळ्यांचं सांगितल्याबरहुकूम झालं.
भुईआवळी मुळासकट उपटली, सावलीत वाळवली,
खलात कुटली, खाद्याच्या गोळ्यांना चोळली,
वरून माकुलाच्या तेलाचा हात,
पाण्यात पडताच कडूपणा सुटून जाऊ नये म्हणून.
तिसऱ्या तळ्याला साधं खाद्य.
तुलनेसाठी, तुम्ही म्हणालात.
आमच्या होंग दानमध्ये तुलना
फक्त सुनांची करतात.

मग थोरला भाऊ फवारायला उतरला.
त्याला आम्ही 'दुसरा' म्हणतो.
पहिल्या पोराला पहिला म्हटलं की दृष्ट लागते.
मी सहावी.
बांध एकच: इकडे माझी कोळंबी, तिकडे त्याचा भात.
तुडतुड्यांना बांध दिसत नाही, वाऱ्यालाही नाही.
त्याच्या पाठीवर निळा पंप,
तोंडाला रुमालसुद्धा नाही,
ओठात विझलेली सिगारेट.
मी म्हटलं, वारा बघ.
तो म्हणाला, वारा काय बघायचाय, भात बघ.

तुम्हीच दाखवलं होतं सुरीच्या टोकानं,
कोळंबीचं काळीज डोक्यात असतं.
धड असेल तर गडद, तपकिरी, काठोकाठ.
विष लागलं की फिकटतं, पाणचट होतं.
तेव्हापासून बाजारात कुणी आधी डोकं चोखायला लागलं
की मी दुसरीकडे बघते.

त्या रात्री अमावास्या होती, कात टाकायची वेळ.
टॉर्च मारला तर तिसऱ्या तळ्याच्या काठाला
रांगच लागलेली,
निळ्या नांग्या चिखलात रोवून,
अर्ध्या पाण्याबाहेर,
जुनं कवच गेलेलं, नवं अजून सायीसारखं,
आणि टॉर्चमध्ये डोळे लाल.
आवाज काहीच नाही.
कुत्रं विव्हळतं, माणूस शिव्या देतो.
यांना ती सोय नाही.

मी घरात गेले, भुईआवळी लावलेल्या खाद्याचा डबा आणला
आणि तिसऱ्या तळ्यात ओतला.
सगळा.
पुढचे नऊ दिवस रोज.

किती उपयोग झाला, मला ठाऊक नाही.
ते कळायला एक तळं साधं ठेवावं लागतं.
तुम्ही लिहिलंत: तिसरं, शंभरात एकसष्ट जिवंत,
अपेक्षेपेक्षा बरं,
आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलात.
तो गोल म्हणजे मी.
खोडून टाका, किंवा मला खोडा,
पण पुढच्या हंगामात साधं तळं
दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.

आणखी एक, हे तक्त्यात नको.
दुसऱ्याचे हात हल्ली थरथरतात, भाताचा वाडगा धरताना.
मी त्याला त्याच पाल्याचा काढा करून दिला.
एक घोट घेतला, अंगणात थुंकला.
म्हणाला, हे तुझ्या कोळंबीला घाल.

भुईआवळी बांधाच्या त्याच्या बाजूला उगवते.
काल तो तणनाशक मारत होता.
मी पायरीवर बसून जाळं सांधत होते,
बघत नाही असं दाखवत.
बांधापाशी आल्यावर त्यानं नळी वर धरली,
आठ-दहा पावलं तसाच चालला,
आणि पुढे गेल्यावर
पुन्हा खाली केली.