एकेरी दोरा

पहिल्या शाळेने आधी पोहण्याचा तलाव दाखवला,
मग फी.
मधे कुठेतरी वर्ग होते.
आमच्याकडे बेचाळीस देशांची मुलं, बाई म्हणाल्या,
ह्राच माझ्या कानाशी पुटपुटला : त्रेचाळीस.
मी हसले नाही.
कंपनी एकाच मुलाचे पैसे भरणार
हे त्याला काल रात्री कळलं होतं,
मला आज सकाळी, दात घासताना.

दुसरीत भिंतभर हातांचे ठसे, रंगीत,
प्रत्येकाखाली नाव आणि दोन तारखा.
आल्याची. गेल्याची.
तातेव वाकून वाचत राहिली.
आमच्या ग्युम्रीत दोन तारखा
फक्त दगडावर कोरतात.
"ही सगळी मेली?" वाहेने विचारलं, चांगलं मोठ्याने.
"नाही रे. बदली झाली."
बाई आमची भाषा येत नसतानाही हसल्या.

तिसरी नैरोबीच्या पार टोकाला. पत्रा गंजलेला,
जॅकरांडाचा जांभळा सडा कुणी झाडला नव्हता.
मुख्याध्यापिका न्जोकी धापा टाकत जिना चढल्या;
निकाल मागितले तर म्हणाल्या, शोधावे लागतील.
दाराशी पेटी : सापडलेल्या वस्तू.
झाकण उचलून पाहिलं मी. राहवतं थोडंच.
एक मोजा, चष्म्याची डबी, सात स्वेटर,
आणि सातांच्या गळ्याशी
कुठल्या कुठल्या आयांनी शिवलेली नावं.
काही टाके मोत्यासारखे. काही घाईचे,
विमान उद्यावर आल्यासारखे.

"न्यायला येत नाही कुणी?"
"कुठून येणार?" रखवालदार मुतिसो म्हणाला,
"जुलैत गारठा पडला की देतो वाटून."
समोरून एक मुलगा पळत गेला,
मानेशी नाव : यूहा.
मुतिसोने हाक मारली : किप्रोनो, बूट!
आणि तो थांबला, नाडी बांधायला.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
ह्राच बोटांवर काही मोजत होता,
दोनदा चुकला.

आता रात्र. दोन नवे स्वेटर मांडीवर,
तिसऱ्या शाळेचे, विटकरी.
तिथली फी दोघांची मिळून
पहिलीतल्या एकाइतकी,
हे खरं कारण. ह्राचला तेच सांगितलं.

सुईत दुहेरी दोरा ओवला होता.
काढला. एकेरी घेतला.
तातेव उशीवरून बघते आहे.
"आई, असं सुटेल ना नाव."
"लगेच नाही," म्हटलं,
आणि दोरा दाताने तोडला.