जागा क्रमांक अकरा

प्रति, सचिव,
सुखनिवास अपार्टमेंट, शामरावनगर, सांगली.
विषय : पाचशे रुपये दंड, आणि ऑगस्टचं पार्किंग.

शिरगुप्पेसाहेब,
पावती मिळाली. गुलाबी कागद, निळा शिक्का,
'जिन्यात वाहन उभे केल्याबद्दल.'
वाहन माझंच. जिनाही तोच,
दुसऱ्या मजल्याचं वळण, कुंड्या ठेवतात तिथं.
तारीख तेवढी बघा.
त्या तारखेला जागा क्रमांक अकरामध्ये
नदी उभी होती.

नऊ दिवस उभी होती.
काचेवर स्टिकर नाही,
दस्तगीरच्या वहीत नाव नाही, फ्लॅट नंबर नाही,
आणि पिवळ्या पट्ट्यांच्या आत तर मुळीच नाही,
दहामध्ये, बारामध्ये,
तुमच्या कव्हर घातलेल्या गाडीच्या जागेतसुद्धा
आडवी पसरलेली.
तिच्या नावानं पावती फाडली का?
पुस्तकात मला दिसली नाही.

मी चौतीस वर्षं मार्केट यार्डात तोलार होतो.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं
की आधी बारदान वजा, मग आकडा.
पोतं म्हणजे हळद नव्हे, साहेब,
आणि पाण्याखालची फरशी म्हणजे पार्किंग नव्हे.

तेव्हा हिशेब असा.
महिन्याचे तीनशे. दिवस एकतीस.
पाण्याच्या नऊ दिवसांचे सत्त्याऐंशी रुपये नऊ पैसे
(पुढचा अपूर्णांक मी सोडला).
वजा जाता उरले
दोनशे बारा रुपये एक्याण्णव पैसे.
सोबत दोनशे तेरा जोडलेत.
माझे नऊ पैसे तुमच्याकडे जमा राहतील.

दंड जोडलेला नाही.
गाडी एकच. खालच्या जागेचं भाडं,
वरच्या जागेचा दंड,
आणि आठवडाही तोच.
एकच पोतं दोन काट्यांवर चढवून
दोन्हीकडची तोलाई घेणारा
आमच्या यार्डात एक होता. नाव सांगत नाही.
त्याला बघितलं की लोक पोती पुढच्या दुकानात उतरवायचे.

गाडी मी एकट्यानं वर नेली नाही.
पुढचं चाक दस्तगीरनं धरलं,
कॅरिअर चारशे दोनमधल्या नर्सिंगच्या दोन पोरींनी,
मी नुसता 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होतो.
बाहेर भोंग्यावरून पुलाजवळचे फूट सांगत होते,
दर तासाला एक वाढत होता.
पहिल्या वळणावर पेट्रोल सांडलं. डाग आहे.
त्याचा दंड लावा, तो मला मान्य.

तुम्ही त्या रात्री मिरजेत अडकला होता.
तुमच्या आईंना गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही.
बोट येईपर्यंत, म्हणजे पहाटे चारपर्यंत,
त्या माझ्या एम-एटीच्या सीटवर बसून होत्या,
मांडीवर औषधांचा डबा, पदरात देवघरातली घंटा.
मधेच हात हॉर्नवर पडायचा
आणि अंधारात सगळा जिना दचकायचा,
मग हसायचा.

(वरचा मजकूर हिशेबात धरू नये.
खोडणार होतो, पण पान खराब झालं असतं,
आणि घरात दुसरं कोरं पान नव्हतं.)

खांबांना परवा रंग दिलात. चांगला दिलात.
पण मीटरच्या पेटीमागं ब्रश पोचलेला नाही.
तिथं गाळाची रेघ आहे,
माझ्या हनुवटीला लागेल एवढ्या उंचीवर.
शंका असल्यास टेप घेऊन यावं.
एक टोक मी धरीन.

अर्जाची पोच मिळावी.
सही नसली तरी चालेल, तारीख असावी.

आपला,
भूपाल चौगुले, फ्लॅट दोनशे तीन.

ता. क. घंटा बोटीत चढताना पडली असावी,
कुंडीमागं सापडली. लोलक थोडा वाकलाय.
दस्तगीरकडे दिली आहे.
पावती घेतलेली नाही.