हिला तो दुसरा द्या

डंडी, एकोणीसशे चौऱ्याऐंशी.
आई घड्याळाच्या कारखान्यात जायची
जिथे आता घड्याळं फारशी होत नव्हती.
होत होता स्पेक्ट्रम:
काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा,
कोपऱ्यात इंद्रधनुष्याची तिरपी फीत.
आईच्या वाट्याला एकच काम, दिवसातून शेकडो वेळा:
चिपचे पाय भोकांत बसवायचे,
वाकले तर चिमट्याने सरळ करायचे, डाग द्यायचा.
घरी आली की तिच्या बोटांना कथलाचा वास.
पावाला तोच, आणि माझ्या वेणीलाही.

आणि मला हवा होता कमोडोर.

खऱ्या बटणांचा. खालच्या मजल्यावरच्या
फर्गस लॉर्नीकडे होता तसा,
करड्या पावाच्या लादीसारखा फुगीर,
पोटात तीन सुरांचा बाजा असलेला.
स्पेक्ट्रमवर माणूस झाडाजवळून गेला
की झाडाचा रंग माणसाला लागायचा.
हे फर्गस सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायचा.

मी वहीचं पान उभं दुमडून
दोघांचे गुणदोष लिहून काढले. अगदी प्रामाणिकपणे.
किंमत: स्पेक्ट्रम.
आवाज: कमोडोर.
टेप लावून वाट बघणं: दोघंही सारखेच,
तेवढ्यात चहा होतो, पिऊनही होतो.
बाबांच्या कबुतरांच्या शर्यतींच्या वेळा: कुठलाही चालेल.
पेन्सिलही चालते, बाबा म्हणाले.
तागाची गिरणी बंद झाल्यापासून
ते इतकंच बोलायचे.
आईसाठी मी रकाना आखला नव्हता.

कोपऱ्यावरच्या पबात म्हणे
कोटाखालून मिळायचा, निम्म्या भावात,
कारखान्याच्या कुंपणावरून आलेला.
आई म्हणाली, कुंपणावरून आलेलं
या घरात मांजरसुद्धा नको.

शनिवारी दुकानात
काचेवर दोघं शेजारी शेजारी ठेवले होते,
स्थळं दाखवायला आणल्यासारखे.
विक्रेत्या पोऱ्याने आईला सावकाश समजावलं,
बाईमाणसाला समजावतात तसं,
की हा स्पेक्ट्रम म्हणजे नेमकं काय असतं.
आईने सगळं ऐकून घेतलं.
मग तो हातात घेतला, उलटा केला,
पाठीवरचे पाचही स्क्रू अंगठ्याने चाचपले
आणि तान्हं मूल परत द्यावं
तसा दोन्ही हातांनी परत दिला.
"हिला तो दुसरा द्या."

भांडली असती तर बरं झालं असतं.
भांडणात मी जिंकले असते.

बसमध्ये खोका माझ्या मांडीवर.
पुढच्या बाकावर इसोबेल क्रुकशँक,
आईच्याच लाइनवर बसणारी.
मी कोट काढून खोक्यावर टाकला.
आईने तो उचलला, झटकला,
आणि मला परत घातला, बटणं लावून.
"थंडी आहे," ती म्हणाली.
खोका सगळ्या बसला दिसत राहिला.

त्या रात्री दोनदा टेप लावली, दोनदा अडकली.
तिसऱ्यांदा खेळ सुरू झाला, बाजा वाजला,
बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं
आणि आईने भांडी घासता घासता
पायाने ताल धरला. ते मी पाहिलं.
पाहिलं नाही असं केलं.

पाणी प्यायला उठले तेव्हा मध्यरात्र उलटली होती.
स्वयंपाकघरात उजेड.
टेबलावर कमोडोर, झाकण काढून बाजूला,
वॉरंटीचा कागद फाटलेला,
आणि आई वाकलेली, नाकावर चष्मा,
दातांत बाबांची कबुतरखान्याची टॉर्च.

मला वाटलं, खोड शोधतेय.
मी दारातच उभी राहिले.
उद्या ती मला यादी देईल,
माझ्यासारखीच, उभं पान दुमडून.

तिने टॉर्च तोंडातून काढली, पदराशिवाय काय असणार,
गाऊनच्या बाहीला पुसली.
"ये. इथे बघ. ही रांग.
कुठल्या गावची आहे कोण जाणे,
पण हिचा हात चांगला आहे."

मग जरा थांबून, नखाने एका ठिपक्याशी:
"हा एवढा डाग मात्र घाईत दिलाय.
शुक्रवारचा असणार."